थाई भाषेतील फळे-भाज्यांची नावे कशी शिकावीत?

पतीच्या नोकरीमुळे नाशिकहून थायलंडमधील रयोंग येथे नुकत्याच राहायला आलेल्या एका भगिनींनी विचारले आहे की, सव्वाशे फळे-भाज्यांची एक यादी त्यांनी रोमन लिपीतून पाठ करायला घेतली; निम्मी नावे लक्षात राहत नाहीत, आणि जी राहतात ती मंडईत उच्चारली तर विक्रेत्या बायकांना कळत नाहीत. तेव्हा नावे पाठ करण्याची सोपी रीत कोणती, ती रोमनमध्ये लिहावीत की देवनागरीत, आणि त्यासाठी थाई लिपी शिकणे भाग आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी बँकॉकमध्ये नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांना बोलण्यापुरती थाई शिकवते आणि हे तीनही प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माझ्या मते तुमची अडचण स्मरणशक्तीची नाही. तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. पहिली अशी की, यादीतील प्रत्येक नाव तुम्ही स्वतंत्र शब्द समजून पाठ करता आहात. वास्तविक थाई भाषेतील बहुतेक भाज्यांची आणि बऱ्याच फळांची नावे जोडशब्द असतात, आणि ते ज्या मोजक्या तुकड्यांपासून बनतात ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात. दुसरी अडचण अशी की, रोमन लिपी थाई नावातील सूर तर दाखवत नाहीच, पण जे महाप्राण आणि अल्पप्राण वर्ण आपल्याला मुळातच येतात त्यांचाही घोळ करते. पहिली अडचण क्रम बदलल्याने सुटते आणि दुसरी कानाच्या सरावाने. पाठांतर वाढवल्याने दोन्ही सुटत नाहीत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. तुम्ही सर्व खरेदी मोठ्या वातानुकूलित दुकानातून करणार असाल, तर तेथे पाकिटांवर छापील नावे असतात, बोलावे लागतच नाही, आणि शंभर नावे शिकण्याचे तितके कारण उरत नाही. उलट सकाळच्या मंडईत जाणार असाल, तर पंधरा-वीस नावेदेखील नीट उच्चारता आली तरी तुमचे घर चालते. राहण्याची मुदत, घरात मांसाहार होतो की नाही, सोबत थाई बोलणारे कोणी आहे की नाही, यावरही क्रम बदलेल. तुम्ही मंडईत जाता आणि घरात रोज भाजी-पोळीचा स्वयंपाक होतो, असे गृहीत धरून पुढचे लिहिले आहे.

आधी उच्चार. थाईत पाच सूर आहेत: सम, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. एकच अक्षरसमूह निराळ्या सुरात म्हटला की शब्दच निराळा होतो. हे ऐकून बहुतेक जण घाबरतात आणि प्रत्येक नावाचा सूर पाठ करू लागतात. मी तसे करू देत नाही. माझा अनुभव असा की, दोन-तीन अक्षरांच्या नावात सूर थोडा चुकला तरी विक्रेतीला कळते, कारण तसे दुसरे नाव नसते. ‘म-ल-कॉ’ म्हणजे पपई. हे तुम्ही कोणत्याही सुरात म्हणा, पपईच मिळेल. एका अक्षराच्या नावात मात्र सूर चुकला की काहीच कळत नाही, कारण तेवढ्याच ध्वनींचे चार-पाच शब्द भाषेत असतात. म्हणून सुराचे सगळे कष्ट एकाक्षरी नावांवर खर्च करावेत. गंमत अशी की जोडशब्दांचे मूळ तुकडे बहुतेक एकाक्षरीच आहेत, त्यामुळे हे कष्ट वाया जात नाहीत.

आता लिहिण्याविषयी. देवनागरीत लिहा, रोमनमध्ये नको. थायलंडची जी अधिकृत रोमन पद्धत आहे ती सूर दाखवत नाही, स्वरांचे ह्रस्व-दीर्घ दाखवत नाही, आणि ‘च’ व ‘छ’ या दोन निराळ्या थाई वर्णांना एकच चिन्ह वापरते. देवनागरीत क-ख, त-थ, प-फ, च-छ हे भेद आपोआप उतरतात. हा लाभ किती मोठा आहे ते दोन जोड्यांवरून पाहा. ‘खाय’ म्हणजे अंडे आणि ‘काय’ म्हणजे कोंबडी. दोन्ही खालच्याच सुरात, फरक केवळ ख आणि क यांचा. ‘फेत’ म्हणजे तिखट आणि ‘पेत’ म्हणजे बदक. येथेही सूर तोच. इंग्रजी बोलणारे विद्यार्थी या जोड्यांवर आठवडेच्या आठवडे अडकून राहतात. मराठी माणसाला पहिल्या ऐकण्यातच फरक कळतो. फक्त त्या ‘काय’ला आपण सवयीने प्रश्नाचा सूर लावतो, तो टाळावा.

देवनागरीतही तीन सोयी कराव्या लागतात. पहिली ‘फ’ची. थाईत ओठ मिटून म्हटलेला मूळ ‘फ’ आणि दात ओठावर टेकवून म्हटलेला ‘फ़’ हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. आपल्याकडे आज कित्येकांच्या तोंडी ‘फळ’सुद्धा दाताचे झाले आहे, ते येथे चालणार नाही. ‘फाक’ (खालचा सूर) म्हणजे भाजी. ‘फ़ाक’ (वरचा सूर) म्हणजे कोहळा-भोपळ्याचा वर्ग. ‘फ़ाक’ (खालचा सूर) म्हणजे शेंग. आणि ‘फाक’ वरच्या सुरात म्हटले तर ‘विश्रांती घेणे’. चारही शब्दांत ‘आ’ तोकडा आहे. ही चौकडी जमली की निम्मे काम झाले, असे मी वर्गात सांगते. पुढे मी दाताच्या वर्णाखाली नुक्ता दिला आहे. तुम्हीही वहीत तसेच करा.

दुसरी सोय ‘ङ’ची. आपण ‘गंगा’ म्हणताना पहिल्या अक्षरानंतर जो ध्वनी काढतो तो थाईत शब्दाच्या आरंभीही येतो. रंबुतान या केसाळ लाल फळाचे थाई नाव ‘ङॉ’ असे आहे. ‘अङ’ म्हणून ‘अ’ मनातल्या मनात ठेवण्याचा सराव केला की ते साधते. तिसरी सोय एका स्वराची. ओठ ‘ई’ म्हणताना जसे पसरतात तसे ठेवून ‘उ’ म्हणायचा. असा स्वर मराठीत नाही. वांग्याच्या ‘म-खुआ’मध्ये आणि अळकुडीच्या ‘फुआक’मध्ये तो येतो. वहीत त्या अक्षराखाली रेघ ओढून ठेवावी. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मात्र इंग्रजीच्या कृपेने आपल्या लिपीत आलेले आहेत आणि थाईसाठी ते अगदी चपखल बसतात: ‘तॅङ’ म्हणजे काकडी-कलिंगडाचा वर्ग, ‘हॉम’ म्हणजे कांद्याचा. सुरासाठी शब्दाच्या डोक्यावर आडवी, चढती किंवा उतरती रेघ मारा. त्यासाठी वेगळे शास्त्र नको.

शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाविषयीही सांगितले पाहिजे. ‘फाक’चा क, ‘थेत’चा त हे तोंडातल्या तोंडात अडवायचे असतात, आपण ते स्पष्ट फोडतो आणि ऐकणाऱ्याला पुढे आणखी एक अक्षर आहे असे वाटते. तसेच शब्दान्ती ‘ल’ लिहिला असला तरी ‘न’ ऐकू येतो आणि ‘श’ किंवा ‘स’ लिहिला असला तरी ‘त’. म्हणून आपले ‘फल’ तिकडे ‘फोन’ होते. फळांना एकत्रितपणे ‘फोन-ल-माय’ म्हणतात, त्यातील ‘माय’ म्हणजे झाड. फोडणीच्या रोजच्या वस्तूंत मात्र मंडईतली बोली आणखी ढिली असते. जोडाक्षरातील ‘र’ आणि ‘ल’ बोलताना गाळले जातात, तेव्हा मिरचीचे ‘फ्रिक’ हे ‘फिक’ आणि लसणीचे ‘क्रथियाम’ हे ‘कथियाम’ असे कानावर पडेल. केळ्याचे ‘क्लुआय’ही ‘कुआय’ होते. येथे एक सावधगिरी बाळगावी, की सूर उतरता असावा आणि ‘क’चा ‘ख’ होऊ देऊ नये, कारण सम सुरातला ‘खुआय’ हा चारचौघांत उच्चारण्याजोगा शब्द नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे तुकडे. तुमची सव्वाशे नावांची यादी घ्या आणि वर्णक्रमाने किंवा फळे-भाज्या अशा गटांनी न मांडता पहिल्या तुकड्याप्रमाणे पुन्हा मांडा. सर्वांत मोठा गट ‘म’चा निघेल. ‘म-मुआङ’ आंबा, ‘म-नाव’ लिंबू, ‘म-फ्राव’ नारळ, ‘म-खाम’ चिंच, ‘म-ल-कॉ’ पपई, ‘म-खुआ’ वांगे, ‘म-रा’ कारले, ‘म-रुम’ शेवगा, ‘म-तूम’ बेलफळ, ‘म-योम’ रायआवळा. हा ‘म’ म्हणजे फळ या अर्थाच्या ‘माक’ या जुन्या शब्दाचा उरलेला अंश आहे. शेजारच्या लाओ भाषेत तो अजून अख्खा बोलतात. तो हलका आणि आखूड म्हणायचा आणि सगळा जोर पुढच्या अक्षरावर द्यायचा. मराठी माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि तिथेच नाव ओळखू येईनासे होते. त्यामुळे सराव करताना मी ‘म’ काढूनच टाकायला सांगते: मुआङ (उतरता), नाव (सम), फ्राव (वरचा), खाम (चढता), खुआ (चढता). ही पाच अक्षरे जमली की पुढे ‘म’ चिकटवायचा.

दुसरा गट ‘फाक’चा, म्हणजे पालेभाज्यांचा. ‘फाक-बुङ’ ही पाण्यातील वेल, जिला आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात. थायलंडमध्ये ती रोजच्या जेवणातली आहे आणि शहरातल्या आपल्या लोकांनी मात्र ती क्वचितच खाल्लेली असते. ‘फाक-छी’ म्हणजे कोथिंबीर. ‘फाक-छी-लाव’, म्हणजे लाओ लोकांची कोथिंबीर, ही आपली शेपू. ‘फाक-छी-फ़रङ’ ही लांब, करवतीच्या दात्यांसारख्या कडेची पाने. वास कोथिंबिरीचाच, पण उग्र. येथे विशेषण ऐकले नाही तर जुडी भलतीच घरी येते. ‘फाक-खोम’कडे विशेष लक्ष द्या. शब्दकोशात त्याचा अर्थ पालक असा दिलेला आढळतो. मंडईत त्या नावाने मिळतो तो माठ. पालक हवा असेल तर ‘पुआय-लेङ’ म्हणावे लागते. डाळ-पालकाच्या हट्टापायी घरी माठ घेऊन आलेली कित्येक कुटुंबे मला माहीत आहेत, आणि माठाची भाजी आवडत असेल तर त्यात बिघडतही काही नाही.

यापुढचे गट लहान आहेत. ‘थुआ’ म्हणजे शेंगवर्ग: ‘थुआ-फ़ाक-याव’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ‘थुआ-ङॉक’ म्हणजे मोड आलेले मूग, ‘थुआ-लिसोङ’ म्हणजे भुईमूग. ‘मान’ म्हणजे कंद: ‘मान-फ़रङ’ बटाटा, ‘मान-थेत’ रताळे. ‘हॉम’ म्हणजे मुळात सुवासिक: ‘हॉम-दॅङ’ लहान लाल कांदा, ‘हॉम-याय’ मोठा कांदा, ‘तोन-हॉम’ पातीचा कांदा. ‘फ़ाक-थॉङ’ लाल भोपळा, त्यातील ‘थॉङ’ म्हणजे सोने; ‘फ़ाक-खियाव’ कोहळा. ‘तॅङ-क्वा’ काकडी, ‘तॅङ-मो’ कलिंगड. ‘बुआप-लियाम’ दोडका. ‘क्रचियाप-खियाव’ भेंडी आणि ‘क्रचियाप-दॅङ’ लाल अंबाडी. हिरवी आणि लाल अशी रंगाने केलेली ही विभागणी आधी विचित्र वाटते, पण भेंडी आणि अंबाडी या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत हे ध्यानात घेतले की वाटत नाही. दुधीला ‘नाम-ताव’ म्हणतात, केळफुलाला ‘हुआ-प्ली’, हादग्याच्या फुलांना ‘दॉक-खॅ’. हादगा आणि केळफूल दोन्ही येथे मंडईत सर्रास दिसतात, हे कोकणातून आलेल्या मंडळींना सांगितले की त्यांचा चेहरा खुलतो.

या तुकड्यांपुढे लागणारी विशेषणे एकदाच शिकायची आहेत: ‘याव’ लांब, ‘याय’ मोठा, ‘दॅङ’ लाल, ‘खियाव’ हिरवा, ‘खाव’ पांढरा, ‘वान’ गोड. ‘फ्रिक-वान’ म्हणजे ढोबळी मिरची आणि ‘म-खुआ-याव’ म्हणजे लांब वांगे, हे मग सांगावे लागत नाही. आणखी दोन विशेषणे अशी आहेत की त्यांच्यावर मी वर्गात अर्धा तास घालवते: ‘थेत’ आणि ‘फ़रङ’.

‘थेत’ म्हणजे आपला ‘देश’. पण मराठीत देशी म्हणजे इथलेच, आणि थाई नावांत ‘थेत’ म्हणजे परदेशातून आलेले. अर्थ नेमका उलटा. ‘म-खुआ-थेत’ हे परदेशी वांगे म्हणजे टोमॅटो. ‘मान-थेत’ हा परदेशी कंद म्हणजे रताळे. ‘म-खाम-थेत’ तर तुम्हीच ओळखाल: परदेशी चिंच, म्हणजे आपली विलायती चिंच, जिच्या पिळदार शेंगांतला गुलाबी-पांढरा गर शाळेच्या फाटकाबाहेर विकत घेऊन खाल्ला ती. अमेरिका खंडातून आलेल्या त्या झाडाला दोन्ही भाषांनी एकाच विचाराने नाव दिले. म्हणून ‘थेत’ आला की मनात ‘विलायती’ म्हणा.

‘फ़रङ’ हा आपल्या ‘फिरंगी’चा भाऊ. गोऱ्या परदेशी माणसाला ‘फ़रङ’ म्हणतात आणि पेरूलाही ‘फ़रङ’च म्हणतात, पेरूसाठी त्याच्यापुढे दुसरा शब्द लागत नाही. पेरू आणि बटाटा ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून युरोपीय दर्यावर्दींच्या मार्फत आशियात आली, म्हणून ही नावे. दोन्ही अक्षरे खालच्या सुरात म्हणायची. तुम्ही भारतीय असल्याने तुम्हाला कोणी ‘फ़रङ’ म्हणणार नाही, त्यामुळे मंडईत हा शब्द ऐकला तर शक्यतो पेरूविषयीच बोलणे चालले आहे असे समजा.

मिरचीचेही असेच आहे. ‘फ्रिक’ म्हणजे मिरची आणि ‘फ्रिक-थाय’ म्हणजे मिरी. मिरची येण्याआधी तिखटपणा मिरीचाच होता. नव्या पिकाने जुने नाव घेतले आणि जुन्या वस्तूला ‘थाई’ असे विशेषण लावून ओळखावे लागले. आपण मिरीवरून मिरची केली, त्यांनी मिरचीला मिरीचेच नाव दिले. लहान, जहाल मिरचीचे नाव ‘फ्रिक-खी-नू’, म्हणजे उंदराच्या लेंडीएवढी मिरची. घरात लहान मुले असतील तर हे एक नाव त्यांना पहिल्याच दिवशी पाठ होते.

तुळशीबद्दल मात्र थोडे थांबते. ‘कफ्राव’ या नावाने जुड्या बांधून जी पाने विकतात ती आपल्या अंगणातील तुळशीच्याच जातीची असतात, आणि थाई स्वयंपाकात ती मिरची-लसणीबरोबर परततात. ‘होरफा’ ही जांभळट देठाची, बडीशेपेसारख्या वासाची दुसरी जात. ‘मॅङ-लाक’ ही लिंबाच्या वासाची तिसरी; तिचे बी भिजवले की सब्जासारखे फुगते आणि गोड पदार्थांत घालतात. तिन्ही पाने शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि तिघींचा वास भिन्न असतो. येथे नाव पाठ करण्यापेक्षा पान चुरडून हुंगावे आणि मग नाव विचारावे.

फळांच्या बाबतीत रयोंगला असणे ही सोयीची गोष्ट आहे, कारण रयोंग आणि शेजारचा चंथबुरी हे थायलंडचे फळबागांचे प्रांत आहेत. सगळी फळनावे एकदम शिकू नका. जे फळ मंडईत ढिगाने आले आहे तेवढ्याचेच नाव घ्या. मार्च ते मे आंब्याचे दिवस. पिकलेल्या फळाला ‘सुक’, कच्च्याला ‘दिप’. ‘म-मुआङ-दिप’ मागितला की लोणच्याजोगी कैरी मिळेल. नावाजलेल्या जातींत ‘नाम-दॉक-माय’ आणि ‘ओक-रॉङ’ पिकवून खातात, तर ‘खियाव-सवोय’ हिरवा असतानाच चिरून खातात. मे-जूनमध्ये ‘थुरियान’ (ड्युरियन), ‘माङ-खुत’ (मँगोस्टीन) आणि ‘ङॉ’ एकाच वेळी येतात. ‘थुरियान’ घेताना जातीचे नाव सांगावे लागते: ‘मॉन-थॉङ’ म्हणजे सोन्याची उशी, ‘छनी’ म्हणजे गिबन वानर. फणसासारखे दिसते म्हणून फणसाच्या अपेक्षेने घेऊ नका; फणस हवा असेल तर तो ‘खनुन’. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून, चियांगमाय आणि लम्फून येथून ‘लाम-याय’ येते, लिचीसारखे पण तपकिरी सालीचे. बाकीची आपल्या ओळखीचीच आहेत: ‘नॉय-ना’ सीताफळ, ‘लमुत’ चिकू, ‘थापथिम’ डाळिंब, ‘सापपरोत’ अननस, ‘सोम-ओ’ पपनस. ‘अङुन’ ऐकताना अंगूर आठवेल आणि ‘छोम्फू’ ऐकताना जांब. दुसऱ्यात तर संस्कृत ‘जम्बू’ सरळ दिसतो.

‘सोम’ म्हणजे संत्रे, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आंबट. कच्च्या पपईच्या ‘सोम-ताम’ या प्रसिद्ध कोशिंबिरीत संत्रे शोधत बसू नका. तिच्यात जो लहान, लांबट टोमॅटो कुटून घालतात त्याच्या जातीचे नाव ‘सीदा’, म्हणजे सीता. आपल्याकडे सीतेचे नाव एका फळाला आणि त्यांच्याकडे टोमॅटोला; आणि ईशान्येकडील ईसान भागाच्या बोलीत तर पेरूला ‘बाक-सीदा’ म्हणतात. रयोंगच्या औद्योगिक पट्ट्यात ईसानमधून कामाला आलेली माणसे पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगितले. त्यांच्या बोलीत ‘म’च्या जागी ‘बाक’ येतो आणि पपई ‘बाक-हुङ’ होते. ही नावे बोलायला शिकू नका. ऐकली तर ओळखू यावीत, एवढेच पुरे.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: यादी पहिल्या तुकड्याप्रमाणे लावा, एकाक्षरी तुकड्यांचे सूर पक्के करा, विशेषणे एकदाच शिका, फळे हंगामाप्रमाणे घ्या. यात एक गोष्ट राहिली, आणि ती तुमच्या यादीत बहुधा नसणारच: मोजण्याचे शब्द.

थाईत ‘दोन आंबे’ असे म्हणत नाहीत. ‘आंबा दोन लूक’ असे म्हणतात. गोल फळाला ‘लूक’, कांदा-कोबी-लसणीच्या गड्ड्याला ‘हुआ’ म्हणजे डोके, पालेभाजीच्या जुडीला ‘काम’ म्हणजे मूठ, कणसाला आणि शेंगेला ‘फ़ाक’. केळ्यांसाठी ‘वी’ हा शब्द आहे, आणि ‘वी’ म्हणजे केस विंचरायचा कंगवा. आपणही केळ्यांची फणीच म्हणतो, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला पाठ करावाच लागत नाही. लसणीच्या पाकळीला ‘क्लीप’ म्हणतात आणि फुलाच्या पाकळीलाही ‘क्लीप’च. हे शब्द आले की नाव विसरले तरी काम निभावते: जुडीकडे बोट दाखवून ‘सॉङ काम’, म्हणजे दोन जुड्या, म्हटले की झाले. वजनासाठी ‘किलो’ चालतो, पण मिरची, लसूण, आले अशा वस्तूंचा भाव पाटीवर पुष्कळदा ‘खीत’मध्ये, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. आकडा पाहून स्वस्त आहे म्हणून किलोभर मागण्याआधी ‘खीत’ की ‘किलो’ ते विचारा.

सरावाची माझी पद्धत साधी आहे. घरात आठवडाभर ज्या भाज्या लागतात त्यांतील पाच निवडायच्या. जिभेला अवघड नावे पहिल्या फेरीत घ्यायची नाहीत. मंडईत वस्तूवर बोट ठेवून ‘अन-नी रियाक-वा अराय खा’, म्हणजे ‘याला काय म्हणतात’, असे विचारायचे. शेवटचा ‘खा’ बायका अदबीसाठी लावतात, पुरुष ‘ख्राप’ म्हणतात. आले आणि ‘खा’ यांचीही येथे गल्लत होते: आपले आले ‘खिङ’, चढत्या सुरात, आणि त्याच्यासारखाच दिसणारा, सूपमध्ये घालायचा कुलंजन हा कंद ‘खाऽ’, खालच्या सुरात आणि लांबवून. हळद ‘खमिन’. तिन्ही कंद एकाच टोपलीत असतात. विक्रेतीने नाव उच्चारले की परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. गर्दी नसलेल्या वेळी, साधारण सकाळी उशिरा, त्या आनंदाने दोनदा-तीनदा म्हणून दाखवतात. घरी ते ऐकून त्याच्या मागोमाग म्हणायचे, आधी गुणगुणत नुसता सूर, मग अक्षरे. दुसऱ्या खेपेस बोट न दाखवता मागून पाहायचे. विक्रेतीने योग्य वस्तूला हात घातला तर नाव जमले. नाही तर बोट आहेच. जमलेली पाच नावे वापरात राहतील अशी भाजी त्या आठवड्यात करायची आणि मगच पुढची पाच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, लिपीचा. बोलण्यासाठी लिपी आवश्यक नाही. परंतु वर्ष-दोन वर्षे राहणार असाल तर शिकावी, असे माझे मत आहे, आणि मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही. थाई व्यंजने 44 आहेत, पण त्यांची मांडणी आपल्या वर्णमालेप्रमाणे कंठापासून ओठांपर्यंत जाते, कारण ती लिपी ख्मेर लिपीमार्गे दक्षिण भारतीय पल्लव लिपीतूनच उतरली आहे. क-वर्ग, च-वर्ग असा क्रम हाताशी असल्याने आपले विद्यार्थी अक्षरे लवकर ओळखू लागतात. अडते ते सुरांच्या नियमांवर, कारण व्यंजनाचा वर्ग, स्वराची लांबी आणि वरचे चिन्ह मिळून सूर ठरतो. ते नियम सुरुवातीला बाजूला ठेवा. मंडईतल्या पाट्यांवर भाव आपल्या परिचयाच्या इंग्रजी आकड्यांत असतो आणि वस्तूचे नाव थाईत, तेव्हा आधी ‘म’, ‘फाक’, ‘थुआ’, ‘फ्रिक’ आणि ‘खीत’ एवढे पाच शब्द चित्रासारखे ओळखायला शिका. नाव आधी कानाने पक्के झालेले असले, तर पाटीवरची त्याची अक्षरे जुळवायला फार वेळ लागत नाही. उलट्या क्रमाने, म्हणजे अक्षरांवरून उच्चार काढत गेलात, तर शब्दान्तीचे ‘ल’ आणि ‘स’ तुम्हाला फसवतील.